लक्ष्मीपूजनाचा पहिला शो

शुक्रवार, 1 नोव्हेंबर 2024. सकाळचे साडेसात वाजलेत आणि सुकापुरात माथेरान रोडच्या कडेला झेंडूचे ढीग लागलेत. केरसुण्या जुड्यांनी उभ्या आहेत, लाह्या-बत्ताशांच्या पुड्या बांधून तयार आहेत, कमळं बादलीत आहेत. एका इमारतीच्या गेटात पाण्याचा टँकर मागे मागे येतोय आणि वॉचमन त्याला फुलवाल्याच्या ताडपत्रीपासून लांब ठेवण्यासाठी ओरडतोय. विधानसभेचं मतदान 20 तारखेला आहे, पण सणामुळे प्रचाराच्या गाड्या आज गप्प आहेत. चहाच्या टपरीवर त्यामुळे राजकारण मागे पडलंय. आज तिथे दोनच पक्ष आहेत, ‘सिंघम अगेन’ आणि ‘भूलभुलैया 3’. दोन्ही आजच लागतायत.

“सिंघममध्ये सगळेच आहेत. अजय, अक्षय, रणवीर, टायगर, दीपिका, करीना. एका तिकिटात एवढी माणसं कोण देतं?”

“एवढी माणसं तर आपल्या सहा आसनीत पण बसतात. गोष्ट काय ते सांग.”

“रामायणाची गोष्ट आहे.”

“मग ती मला ठाऊक आहे. भुताची ठाऊक नाही.”

टपरीवर हशा होतो. चहावाला हसत नाही, तो ग्लास विसळतो आणि म्हणतो, “दोन्ही चांगले असणार. फक्त एकाच दिवशी कशाला आणलेत, ते कोणीतरी सांगा.”

सांगण्यासारखं बरंच आहे. ‘भूलभुलैया 3’नं यंदाची दिवाळी फार आधीच धरून ठेवली होती. ‘सिंघम अगेन’ खरं तर 15 ऑगस्टला यायचा होता. तेव्हा समोर ‘पुष्पा 2’ उभा होता आणि काम बाकी होतं, म्हणून रोहित शेट्टीनं दिवाळी गाठली. ‘पुष्पा 2’ही पुढे सरकून डिसेंबरात गेला, आणि दिवाळीच्या एका शुक्रवारी दोन मोठे सिनेमे येऊन ठेपले. मागे हटायला कोणीच तयार नाही. हटणार कसे? दिवाळीचा शुक्रवार, त्याला जोडून पाडवा आणि भाऊबीज, असे ओळीनं तीन दिवस वर्षात पुन्हा मिळत नाहीत.

यात एक गंमत आहे, ती पंचांगाची. उत्तरेत बऱ्याच ठिकाणी दिवाळीचं पूजन काल, 31 तारखेलाच उरकलं. तिथे आज लोक मोकळे, फराळ खाऊन सिनेमाला निघालेले. आपल्याकडे मात्र लक्ष्मीपूजन आज संध्याकाळी आहे. म्हणजे तिकडच्या हिशेबानं सणाचा दुसरा दिवस, तो आपल्याकडे ऐन पूजेचा. संध्याकाळी सहा ते नऊ या वेळात सुकापुरातला कुठलाही घरधनी पाट, चौरंग आणि वहीखात्यांपुढे बसलेला असणार. सिनेमा कोणाचाही असो.

यावर आमच्या मजल्यानं उपाय काढलाय: सकाळचा पहिला शो. साडेनऊला आत, एकला बाहेर, दीडला घरी, मग रांगोळी.

कोणता सिनेमा, यावर मात्र एकमत झालेलं नाही. भाचा बारावीला आहे आणि त्याला सिंघम हवाय. शेजारच्या वहिनींना माधुरी हवी आहे. त्यांची लेक कार्तिक आर्यनसाठी आईच्या बाजूला गेली आहे. मला विचारलं गेलं नाही. भाच्याबरोबर मोठं माणूस हवं म्हणून माझं तिकीट परस्पर निघालं. दोन मोबाईलवर दोन सिनेमांची तिकिटं आहेत आणि आम्ही चौघं एकाच रिक्षात बसतोय.

“कंचा पिच्चर?” रिक्षावाला आरशातून विचारतो. इथलाच, आगरी पोरगा, कपाळावर अभ्यंगस्नानानंतरचं ताजं गंध.

“दोन्ही,” वहिनी म्हणतात.

“बरां हाय. कंचा बी बघा, भारा तेवराच.”

नवीन पनवेलातून उड्डाणपूल चढताना खाली रेल्वेचे रूळ दिसतात आणि पलीकडे जुनं पनवेल. एसटी स्टँडच्या बाजूला ओरियन मॉल. गाड्यांची रांग महामार्गाच्या दिशेनं लागली आहे. रिक्षावाला लांबच थांबतो. “हितनं चालत जावा. आत गेलो तं मना पूजेपत्तुर बाहेर येता नाय येनार.”

वरच्या मजल्यावर माणसंच माणसं. नवे कुर्ते, घडी न मोडलेल्या साड्या, उटण्याचा वास आणि त्यावर चढलेला लोण्यातल्या पॉपकॉर्नचा वास. तिकीट खिडकीपाशी फारसं कोणी नाही. सगळी गर्दी मोबाईल उंच धरून दाराकडे सरकतेय. दारावरचा मुलगा चौकोनी कोडावर यंत्र टेकवतो, पडद्याचा नंबर सांगतो आणि हातानं दिशा दाखवतो. सिंघम डावीकडे, भूलभुलैया उजवीकडे. तेवढंच वाक्य तो सकाळपासून म्हणत असावा, कारण आता तो फक्त “डावीकडे” आणि “उजवीकडे” एवढंच म्हणतो.

डावी-उजवी ही वाटणी दाराशी इतकी सोपी दिसते, पण तिच्यासाठी गेले काही दिवस वर मोठी रस्सीखेच चालली आहे. वेळापत्रक जाहीर व्हायला उशीर, आगाऊ तिकीटविक्री तुकड्या-तुकड्यांनी, कुणाला किती शो यावर वितरकांची घासाघीस. पडद्यांची वाटणी निम्मी-निम्मी व्हावी म्हणून भूलभुलैयावाले भारतीय स्पर्धा आयोगाकडे गेल्याच्या बातम्याही आल्या. एवढी ओढाताण पहिल्या तीन दिवसांसाठी का, तर पैशाचा नळ तेव्हाच मोठा असतो. तिकीट शंभराच्या वरचं असेल तर त्यावर 18 टक्के जीएसटी. उरलेल्यात वितरक आणि थिएटर यांची वाटणी. 2009 साली निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले यांचं दोन महिने बिनसलं होतं, नवे हिंदी सिनेमेच लागत नव्हते. त्यानंतर जो तह झाला त्यात पहिल्या आठवड्यात वितरकाला निम्मे, दुसऱ्यात साडेबेचाळीस टक्के, तिसऱ्यात साडेसदतीस आणि पुढे तीस असं ठरलं. म्हणजे निर्मात्याच्या दृष्टीनं आजचा प्रेक्षक पंधरवड्यानंतरच्या प्रेक्षकापेक्षा महाग. भाच्याला हे समजावून सांगायला जातो तर तो म्हणतो, “मामा, जाहिराती सुरू झाल्या.”

आत अंधार झाला की पहिली दहा मिनिटं मोबाईलच्या उजेडात खुर्च्या शोधण्यात जातात. मग पडद्यावर बाजीराव सिंघम येतो आणि शिट्ट्या वाजतात. मागच्या रांगेतला एक बाबा पोराला मांडीवर उभा करतो. हा मराठी इन्स्पेक्टर पहिल्यांदा 2011 साली पडद्यावर आला, मूळ तमिळ ‘सिंगम’वरून. पण इथे त्याची उसनवारी कोणाच्या लक्षातही नाही. शिवगडचा बाजीराव म्हणजे आपलाच, अशी इथली खात्री आहे. करीना रामलीलेच्या कामात आहे, सिनेमा गोळीबाराला रामायणाची जोड देत पुढे सरकतो, आणि प्रत्येक वेळी कोण कोणाच्या जागी आहे हे मागचा बाबा पोराला मोठ्यानं सांगतो. “हा रावण. हा रावण बघ.” पडद्यावर अर्जुन कपूर असतो.

मध्येच, संवाद थांबले की, भिंतीपलीकडून घुंगरांचा आणि किंकाळीचा आवाज येतो. लोक हसतात. पुढच्याच क्षणी आमच्याकडे एक गाडी हवेत उडते, तिचा आवाज त्या बाजूला पोहोचत असणार.

मध्यंतर होतं आणि दार उघडताच समोरच्या पडद्याचं दारही उघडतं.

एरवी हे होऊ देत नाहीत. दोन पडद्यांची मध्यंतरं एकाच वेळी आली की खाण्याच्या काउंटरवर चेंगराचेंगरी होते, विक्रीही बुडते, म्हणून शोच्या वेळा मागेपुढे लावतात. सिंघम दोन तास चोवीस मिनिटांचा, भूलभुलैया दोन तास अडतीस मिनिटांचा. त्या चौदा मिनिटांचा मेळ घालत, मधे झाडलोट, जाहिराती, ट्रेलर बसवत दिवसभराची घडी घालायची. आज एकेका पडद्यावर मावतील तेवढे शो कोंबलेत आणि ती घडी मोडली आहे. दोन सिनेमांचे प्रेक्षक एकाच बोळात आमनेसामने आलेत.

आणि भांडण होत नाही. होते ती देवाणघेवाण.

“कसा आहे?”

“मारामारी भरपूर. तुमचा?”

“घाबरायला कमी, हसायला जास्त.”

“कार्तिक?”

“तोच. पैसे उकळणारा मांत्रिक. मंजुलिका कोण, विद्या की माधुरी, कळत नाही अजून.”

“सांगू नका, आम्ही रविवारी बघणार आहोत.”

वहिनी गर्दीतून वाट काढत येतात, हातात समोशाची थाळी. “भावजी, नाच अजून व्हायचाय. तेवढ्यासाठी आलेय.” विद्या बालन आणि माधुरी दीक्षित यांचा एकत्र नाच आहे सिनेमात. आठवड्यापूर्वी मुंबईत रॉयल ऑपेरा हाउसमध्ये तोच नाच करताना विद्याचा पाय अडकला, ती पडली आणि बसल्याबसल्याच तिनं पुढचा नाच सावरून नेला. माधुरीनंही तिला साजेशी साथ दिली. ती चित्रफीत सगळ्या सुकापूरनं पाहिली आहे. वहिनींच्या मते विद्यानं मन जिंकलं, पण साथ धरली ती माधुरीनं, हे कोणी बोलत नाही.

माधुरीच्या वाट्याला हा एकाच दिवशीचा सामना नवा नाही. 22 जून 1990 रोजी तिचा ‘दिल’ आणि सनी देओलचा ‘घायल’ एकाच दिवशी आले आणि दोन्ही तुफान चालले. वहिनी तेव्हा शाळेत होत्या. “दादानं घायल पाहिला, मी आणि ताईनं दिल. घरी आल्यावर आठवडाभर वाद.” सनीचं तर हे ठरलेलंच आहे. 15 जून 2001ला त्याचा ‘गदर’ आला तेव्हा समोर आशुतोष गोवारीकरचा ‘लगान’ होता. गेल्या वर्षी 11 ऑगस्टला ‘गदर 2’ आला तेव्हा समोर ‘ओएमजी 2’. तेव्हाही दोन्हीकडे गर्दी झालीच. दोघांतला एक पडतोच असं नाही, हे या धंद्यानं पुन:पुन्हा पाहिलंय. तरी दर वेळी धास्ती तीच.

अक्षय कुमारचं नाव निघतं आणि एक काका बोट उंचावतात. “2007चा पहिला भूलभुलैया कोणाचा? अक्षयचा. आज तो कुठे आहे? सिंघममध्ये!” जणू एखादा पक्ष सोडून गेलेला नेता पकडला, अशा थाटात ते सगळीकडे बघतात. निवडणुकीचे दिवस आहेत, टाळी मिळते.

पॉपकॉर्नच्या काउंटरवर मात्र चेहरे गंभीर. दोन तिकिटं, एक मोठा डबा, दोन कोल्ड्रिंक, असा हिशेब केला की आकडा हजाराला भिडतो. समोरच्या बाई नवऱ्याला हळू आवाजात सांगतात, “हा बघितला, आता दुसरा ओटीटीवर.” वितरकांची सगळी रस्सीखेच या एका वाक्यासाठी असते. चारजणांचं घर दिवाळीत एकदाच मल्टिप्लेक्सला येतं. दोनदा येणारं घर विरळा. दुसरा सिनेमा कितीही चांगला असो, तो त्या घराच्या बजेटमधून आजच बाहेर पडला.

तिसरा तर बजेटमध्ये आलाच नव्हता. बोळाच्या भिंतीला टेकून एक मुलगी मोबाईलवर शोची यादी खालपर्यंत सरकवतेय. “‘पाणी’ नाही कुठे आपल्या बाजूला?” ती मैत्रिणीला विचारते. आदिनाथ कोठारेचा हा सिनेमा 18 ऑक्टोबरला आला; नांदेड जिल्ह्यातल्या नागदरवाडीत हनुमंत केंद्रे यांनी पाण्यासाठी जे उभं केलं, त्यावरचा. त्याच्या आठवडाभर आधी, 11 तारखेला, स्नेहल तरडेचा ‘फुलवंती’, प्राजक्ता माळीचा. दोन्ही आता तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, म्हणजे मराठी सिनेमा तोंडी प्रसिद्धीवर जरा उभा राहू लागतो तेव्हाचे. नेमके त्याच वेळी दोन हत्ती दारात आले.

मैत्रीण म्हणते, “सुकापुरात राहून ‘पाणी’ थिएटरात कशाला बघायचा? रोज टँकर येतो की गेटात.”

दोघी हसतात, पण पहिली यादी बंद करत नाही. “आईला दाखवायचा होता गं. तिचं माहेर तिकडचं आहे.”

शेजारी उभे असलेले ते अक्षयवाले काका ऐकतात. “दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ म्हणतात ना? इथे उलटं. दोघांचं भांडण आणि तिसरा घराबाहेर.”

त्यांचं म्हणणं नाकारता येत नाही. सिंघमवाल्यांना पडदे कमी पडले तर ते बोलतात, भूलभुलैयावाल्यांना कमी पडले तर ते आयोगाकडे जातात. दोन्ही बाजूंना मोजणारी माणसं आहेत, वकील आहेत, बातम्या आहेत. ज्याचा दुपारी साडेतीनचा एकुलता एक शो काढून दोघांत वाटला गेला, त्याच्या बाजूनं आज या बोळात बोलणारी एक मुलगी आहे, आणि तीही दबक्या आवाजात. मराठी सिनेमाला प्राइम टाइम मिळावा म्हणून राज्य सरकारनं 2015 साली पावलं उचलली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. आज दिवाळी आहे, त्यामुळे गदारोळही नाही.

घंटा वाजते. डावीकडचे डावीकडे, उजवीकडचे उजवीकडे.

सिंघम संपतो तेव्हा कोणी उठत नाही, कारण सलमान यायचाय हे सगळ्यांना आधीच ठाऊक आहे. चुलबुल पांडे येतो, चार क्षण दिसतो, आरडाओरडा होतो आणि मगच लोक चपला शोधतात. दारात चार मुलं काळ्या पिशव्या आणि लांब दांड्याची सुपली घेऊन उभी आहेत. शेवटचा माणूस बाहेर पडायच्या आतच ती आत शिरतात. पुढचा शो पंधरा मिनिटांवर. दोघं वरून खाली, दोघं खालून वर, रांगेगणिक वाकून. पॉपकॉर्न सगळ्यात त्रासदायक, एक जण सांगतो. खुर्चीच्या सांध्यात जातं, झाडूला येत नाही, हातानं काढावं लागतं. दिवाळीची सुट्टी? “परवा अर्धा दिवस, भाऊबीजेला. बहीण तळोज्याला आहे.” कोणता सिनेमा बघितला? तो हसतो. “दोन्हींचे शेवट बघितलेत. रोज बघणार. सुरुवात कोणाचीच नाही.”

दीडच्या सुमारास आम्ही सुकापुरात उतरतो. झेंडूचे ढीग निम्म्यावर आलेत आणि भाव उतरलाय. वहिनी रिक्षातून उतरता उतरता तिथेच दोन किलो घेतात. वाटेभर त्या नाचाबद्दलच बोलत होत्या. भाचा गाड्या किती उडाल्या ते सांगत होता. दोघांनी एकमेकांचं ऐकून घेतलं नाही आणि दोघंही खूश आहेत.

सहाला सूर्य मावळतो. घराघरांत दिवे लागतात, दुकानांत वह्यांवर हळदकुंकू पडतं, आणि माथेरान रोडवर पहिली माळ फुटते. चहावाल्यानंही टपरीच्या गल्ल्यावर झेंडूचा हार चढवलाय, शेजारी लाह्या. सिनेमा आज काय धंदा करतो हे उद्या कळेल. चहावाल्यानं स्वतःचा धंदा सकाळीच मोजलाय. “सकाळी सहापासून दहापर्यंत नुसता सिंघम की भूलभुलैया. त्यात चाळीस कप जास्तीचे गेले. दोघांनी दर दिवाळीला भांडावं.”

पूजा आटोपते, फराळाची ताटं इकडून तिकडे जातात आणि इमारतीच्या व्हॉट्सॲप गटावर पुन्हा तोच विषय पेटतो. पाडव्याला नाही, भाऊबीजेला दुपारी जाऊ, असं ठरतंय. रियाधला असलेला तिसऱ्या मजल्यावरचा एक जण तिथून लिहितो की सौदीत दोन्ही सिनेमांवर बंदी आहे, तुम्ही तरी बघा. त्यावर फटाक्यांची चित्रं पडतात. मग मतदान घेतात. सिंघम अकरा, भूलभुलैया दहा, एकानं ‘पाणी’ लिहिलंय. कोणी लिहिलं म्हणून बघतो तर भाचा.

“तू तर सिंघमवाला ना?”

“तो झाला की बघून. मधल्या सुट्टीत ती ताई शोधत होती, तेव्हापासून डोक्यात आहे. कुठे लागलाय?”

दोघं मिळून यादी बघतो. आपल्या बाजूला नाहीच. दूर ठाण्याकडे एक शो दिसतो, तोही सकाळी लवकरचा. वहिनी दारातून चकलीची वाटी देत विचारतात, “मग भाऊबीजेचं काय ठरलं? माझे दोन्ही भाऊ येणार आहेत, सहा तिकिटं हवीत.” सिंघमच्या दुपारच्या शोला फक्त पडद्यालगतची पहिली रांग उरली आहे. भूलभुलैयाला मागे सलग सहा खुर्च्या आहेत. गटावर सिंघम एका मतानं पुढे असूनही वहिनी भूलभुलैयावर बोट ठेवतात. सिंघमवाल्या अकरांपैकी कोणीच हरकत घेत नाही. मान वर करून अडीच तास कोण बसणार?

“आणि ठाण्याचं?” मी भाच्याला विचारतो.

तो तिकीट काढून मोकळाही झालाय. “दोन काढलीत. मंगळवारी. सकाळची सहाची लोकल, मामा.”